पापाचे ऋण कोणी फेडावे?

दिवाळी हा उजेडाचा सण, हे आपण सारेच म्हणतो. पण या चार दिवसांत आणखी दोन पाहुणे आपल्या घरात निमूटपणे येऊन जातात आणि त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. एक नरक आणि दुसरा हिशेब. चतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट चिरडताना आपण नरकासुराचे नाव घेतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी मंडळी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून जुन्या बाक्या नव्या पानावर ओढतात. नरक आणि वही यांची गाठ आपल्याला अपरिचित नाही. चित्रगुप्त आपली वही घेऊन बसलेलाच आहे. मात्र त्याच्या वहीत ज्याचे खाते त्याच्याच नावावर. ख्रिस्ती धर्माच्या वहीची रीत याहून अगदी निराळी. तिच्यात कर्ज काढले एकाने, ते चढले साऱ्यांच्या नावावर, आणि फेडले ते तिसऱ्यानेच! या विलक्षण वहीची कथा मी आज सांगणार आहे. ती धर्मपंडितांची कथा आहे खरी, पण तीत गोरगरिबांच्या घामाचा पैसाही आहे आणि मेलेल्या आईबापांविषयी वाटणारी काळजीही आहे. म्हणूनच ती सणाच्या दिवशी सांगावयास मला संकोच वाटत नाही.

कथेचा आरंभ एका शब्दापासून होतो. येशूच्या काळी पॅलेस्टाइनमधील सामान्य माणसे अरामी भाषा बोलत, आणि त्या भाषेत कर्ज व पाप या दोहोंना एकच शब्द चालत असे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे ऋणांची माफी मागितली आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी पापांची. येशूचा एक प्रसिद्ध दृष्टान्तही कर्जाचाच आहे. एका राजाचे एका चाकराकडे 10,000 तालांत येणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. लाखावर वर्षे राबला असता तरी त्या चाकराच्याने ते कर्ज फिटते ना! राजाला दया आली व त्याने ते सारे सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडला आणि आपल्या एका सोबत्याचा त्याने अवघ्या 100 दीनारांसाठी गळा धरला. राजाच्या कानी हे गेले तेव्हा त्याने त्या चाकराला शिक्षेसाठी स्वाधीन केले. राजाने आधी जे कर्ज सोडले ते कोणा दुसऱ्याकडून वसूल करून घेऊन नव्हे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची आठवण होणार आहे.

आता हे कर्ज मुळात झाले कसे, ते पाहू. बायबलातील आदाम आणि हव्वा यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कथेवरून साऱ्या मानवजातीच्या माथी वडिलोपार्जित कर्ज लिहिले ते प्रामुख्याने एका माणसाने. त्याचे नाव ऑगस्टीन. हा उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, 354 साली जन्मला. सन 400 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मकथनात त्याने सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीची हकीकत दिली आहे. शेजारच्या बागेतील नासपतीचे झाड त्याने आणि त्याच्या सवंगड्यांनी रात्री झोडपून काढले. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे त्यांनी बहुतेक डुकरांपुढे टाकली. म्हाताऱ्या माणसाने विसरून जावी अशी ही पोरखोडी. पण ऑगस्टीनला ती विसरता येईना. काही लाभ नसताना केवळ वाईट करण्यात मला गोडी का वाटली, हा प्रश्न त्याने सोडला नाही. त्याला मिळालेले उत्तर असे, की आदामाच्या अपराधाने माणसाची इच्छाशक्तीच वाकडी झाली. मूल जन्मते तेच तो वाकडेपणा आणि तो अपराध घेऊन. देवाने आपणहून कृपा केल्यावाचून माणसाची सुटका नाही.

याला तोंड देणारा निघाला ब्रिटनकडून आलेला पेलाजियस नावाचा साधू. तो म्हणे, देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याचे बळही दिलेच असले पाहिजे. बापाचा अपराध मुलावर लादणे हा कुठला न्याय? आपल्यापैकी पुष्कळांना पेलाजियसच अधिक जवळचा वाटेल. पण 418 साली कार्थेज येथील धर्मसभेने त्याचे मत दोषी ठरविले आणि पश्चिमेकडील चर्चने ऑगस्टीनची वाट धरली. पूर्वेकडील ग्रीक चर्चने मात्र आदामाकडून मृत्यूचा वारसा आला असे मानले, अपराधाचा नव्हे. ऑगस्टीनच्या मताची सर्वांत कठोर बाजू तान्ह्या मुलांच्या वाट्याला आली. बाप्तिस्म्यावाचून गेलेले अर्भकही शिक्षेला पात्र, जरी ती शिक्षा सर्वांत सौम्य असली, असे तो म्हणे. पुढील पंडितांनी त्यांच्यासाठी नरकाच्या काठावर वेदनारहित अशी एक वेगळी जागा कल्पिली. अखेर 2007 साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने, अशा बालकांच्या उद्धाराची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असे प्रसिद्ध केले. मधल्या सोळाशे वर्षांत किती मातांनी पाळण्याकडे पाहत रात्री काढल्या असतील, त्याची गणती कोणत्याही वहीत नाही.

कर्ज ठरले, आता फेड. येशूने आपला प्राण पुष्कळांसाठी मोल म्हणून दिला, असे शुभवर्तमानात आहे. मराठी बायबलात तेथे ‘खंडणी’ हा शब्द आहे, आणि मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. पण खंडणी दिली ती कोणाला? आरंभीच्या अनेक आचार्यांनी सरळ उत्तर दिले : सैतानाला. चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी तर म्हणतो, की येशूचे मानवी शरीर हे आमिष होते आणि आत देवत्वाचा गळ दडलेला होता. सैतानाने आमिष गिळले आणि तो गळाला लागला. कल्पना मोठी रंजक, पण देवाने सैतानाला फसवावे हे काहींच्या मनाला पटेना.

1098 साली कँटरबरीच्या आर्चबिशप अँसेल्मने हा व्यवहार नव्याने मांडला. सैतानाचे माणसावर काही एक येणे नाही, असे त्याने ठणकावून सांगितले. ऋण आहे ते देवाचे. पाप म्हणजे देवाचा मान हिरावणे; तो मान भरून दिला पाहिजे. भरणे माणसाकडे लागते, पण त्याच्याजवळ देण्याजोगे काही नाही. जे आहे ते देवाचेच. भरण्याची ताकद फक्त देवाची. म्हणून भरणारा एकाच वेळी देव आणि माणूस असावयास हवा. युक्तिवाद घट्ट विणलेला आहे आणि आजतागायत कोट्यवधी ख्रिस्ती माणसांच्या मनात तो घर करून आहे. पण थोड्याच वर्षांनी पॅरिसचा आबेलार पुढे आला. निरपराध पुत्राचे रक्त घेतल्यावाचून ज्याचे समाधान होत नाही तो देव कसला, असा त्याचा आशय होता. क्रूस ही वसुली नव्हे, ती प्रेमाची परिसीमा आहे. ती पाहून माणसाचे काळीज पालटते, आणि तोच उद्धार. कर्जमाफी आणि कर्जफेड यांतला हा वाद तेव्हापासून पुरता मिटलेला नाही.

इतके झाल्यावर खाते बंद व्हावे की नाही? पण मध्ययुगातील चर्चने एक बारीक भेद केला. पापी माणसाने पश्चात्ताप करून पाद्र्यापुढे पाप कबूल केले, की दोष आणि त्यामागची नरकाची कायमची शिक्षा ही दोन्ही सुटतात. पण काही काळाची शिक्षा मात्र बाकी राहते. ती उपासांनी, दानाने, यात्रेने येथेच भोगावी. येथे पुरी झाली नाही तर मेल्यावर शोधनस्थानात भोगावी. शोधनस्थान म्हणजे नरक नव्हे. तेथे आग आहे, पण दारही आहे. आत गेलेला प्रत्येक जीव केव्हातरी स्वर्गात पोहोचणारच. 1274 साली लियाँच्या धर्मसभेने या श्रद्धेवर मोहोर उठविली, आणि पुढे दान्तेने त्याच स्थानाचा सात मजल्यांचा डोंगर आपल्या काव्यात उभा केला. शोधनस्थानामुळे जिवंतांना मेलेल्यांसाठी काही करता येऊ लागले, हे त्याचे मोठे आकर्षण होते. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या आपल्या लोकांना त्यातला जिव्हाळा चटकन कळेल.

ही उरलेली शिक्षा माफ करण्याचा अधिकार चर्चने आपल्याकडे घेतला. शालेय पुस्तकांत ज्यांना आपण पापमुक्तिपत्रे म्हणतो ती खरे पाहता दंडमाफीची पत्रे. पाप त्यांनी सुटते असे चर्चचे म्हणणे कधीच नव्हते. 1095 साली पोप दुसरा अर्बन याने धर्मयुद्धावर जाणाऱ्यांना ही माफी दिली. 1300 साली पोप आठवा बोनिफेस याने रोमच्या यात्रेकरूंना दिली. 1343 साली पोप सहावा क्लेमेंट याने तिच्या पाठीशी खजिना उभा केला : ख्रिस्ताचे आणि संतांचे पुण्य अमाप साठले आहे, त्याच्या किल्ल्या चर्चच्या कमरेला आहेत. आणि 1476 साली पोप चौथा सिक्स्टस याने जाहीर केले, की ही माफी शोधनस्थानातील मृतांसाठीही घेता येईल. जमा-खर्चाची दोन्ही पाने आता तयार झाली. उणीव होती ती फक्त गल्ल्याची.

तीही लवकरच भरून निघाली. जर्मनीतील आल्ब्रेख्त नावाच्या तरुण सरदारपुत्राला माग्देबुर्गबरोबर माइन्त्सचे आर्चबिशपपदही 1514 साली मिळाले. त्यापायी रोमला द्यावयाची रक्कम त्याने फुगर या पेढीवाल्यांकडून कर्जाऊ उचलली. रोममध्ये सेंट पीटरचे नवे मंदिर बांधणे चालू होते, त्यालाही पैसा हवा होता. तेव्हा असे ठरले, की आल्ब्रेख्तच्या मुलखात दंडमाफीची पत्रे विकावी. निम्मा पैसा मंदिराला, निम्मा आल्ब्रेख्तच्या कर्जाला. योहान टेट्सेल नावाचा साधू पत्रे घेऊन गावोगाव हिंडू लागला, आणि फुगरांचे कारकून पेटीजवळ बसू लागले. ऐपतीप्रमाणे दर ठरलेले होते. राजेरजवाडे आणि बिशप यांना 25 सुवर्णमुद्रा, आणि खाली उतरत जाऊन ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने उपास व प्रार्थना करावी. नियम लिहिताना कोणी तरी गरिबांची आठवण ठेवली होती, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पण बाजारात ओरडून विकताना हा नियम मोठ्याने कोण वाचतो? नाणे पेटीत वाजते न वाजते तोच जीव आगीतून वर उडतो, अशा अर्थाचे बोल लोकांच्या तोंडी झाले.

मी शाळेत ही हकीकत सांगतो तेव्हा मुले पेटीच्या गोष्टीला हसतात. एका वर्षी सातवीतला एक मुलगा मात्र हसला नाही. त्याने विचारले, “गुरुजी, ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याच्या आईचे काय?” त्याच्या घरी सावकाराचा तगादा असतो हे मला ठाऊक होते, म्हणून उपासाचा नियम त्याला सांगताना मला तो फार तोकडा वाटला. मग मी त्याला सांगितले, की अगदी हाच प्रश्न एका माणसाने जाहीरपणे विचारला आणि त्यामुळे युरोपचा इतिहास बदलला.

तो माणूस म्हणजे मार्टिन ल्यूथर. खाणीच्या धंद्यात वर आलेल्या बापाचा हा मुलगा कायदा शिकत होता. 1505 च्या जुलैत वाटेवर वीज जवळ कोसळली, आणि भयाने त्याने मठात जाण्याचा नवस बोलून टाकला. मठात तो उपासांनी वाळला. तासन् तास पापे कबूल करी, आणि उठला की आणखी एखादे पाप आठवे. पुढे तो रोमला गेला. येशूला न्यायासाठी ज्या पायऱ्यांवरून नेले त्याच या, असे मानल्या जाणाऱ्या 28 पायऱ्या तो आजोबांच्या आत्म्यासाठी गुडघ्यांवर चढला. वर पोहोचल्यावर मनात आले, हे खरे की नाही कोण जाणे! ही आठवण त्याने उतारवयात एका प्रवचनात सांगितली. असा हा माणूस; हिशेबाच्या वहीने जितका छळलेला तितकाच तिच्याशी प्रामाणिक.

विटेनबर्गला बायबल शिकविता शिकविता, पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील देवाच्या नीतिमत्त्वाविषयीचे शब्द त्याला नव्याने उलगडले. ते नीतिमत्त्व म्हणजे शिक्षा करणारा न्याय नव्हे. देव ते माणसाला फुकट देतो, आणि माणसाने फक्त विश्वासाने ओंजळ पुढे करावयाची असते. त्याच सुमारास त्याच्याकडे पापे कबूल करणारी माणसे शेजारच्या मुलखातून टेट्सेलची पत्रे विकत आणू लागली. 31 ऑक्टोबर 1517 रोजी ल्यूथरने आपली 95 विधाने पत्रासोबत आर्चबिशप आल्ब्रेख्तकडे धाडली. ती चर्चच्या दारावर खिळ्याने ठोकली की नाही, याबद्दल विद्वानांत वाद आहे. पत्र मात्र निःसंशय गेले. ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्यच पश्चात्ताप असावे, असे पहिले विधान. गरिबाला देणे हे पत्र विकत घेण्याहून चांगले, असे आणखी एक. आणि लोक विचारतात म्हणून त्याने मांडलेला तो प्रश्न : पोपला शोधनस्थान रिकामे करता येते तर तो ते पैशासाठी का करतो, प्रेमापोटी सर्वांना एकदमच का सोडीत नाही?

पुढचा इतिहास रक्ताने माखलेला आहे; तो येथे उगाळीत नाही. रोमनेही आपले घर झाडले. 1545 ते 1563 पर्यंत चाललेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने दंडमाफीमागील पैशाच्या गैरव्यवहाराला बंदी केली, आणि 1567 साली पोप पाचवा पायस याने पैशाला जोडलेल्या साऱ्या माफ्या रद्द केल्या. कृपेने तारण की कृपा आणि सत्कर्म यांनी, हा वाद मात्र शतके चालला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे ल्यूथरपंथीय आणि रोमन कॅथलिक या दोघांनी एका निवेदनावर सह्या केल्या, की माणसाचा स्वीकार होतो तो केवळ कृपेने, त्याच्या कर्तबगारीने नव्हे. आणि सत्कर्मे ही त्या कृपेची फळे. इतके एकत्र म्हणावयास 482 वर्षे लागली.

या वादाच्या ऐन भरात हा विषय मराठीच्या दारी आला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांना जगणे कठीण झाले तेव्हा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज तरुण रोमला जाऊन जेझुइट झाला आणि 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास उतरला. साष्टीतील देवळे त्याआधी बाराच वर्षे पाडली गेली होती, आणि इन्क्विझिशनचा दरारा होता. हे विसरून त्यांच्या ग्रंथाचे कौतुक करता येत नाही. पण कौतुक करावे असा तो ग्रंथ आहे. नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचण्याची मनाई झाली होती. त्यांनी त्या जागी दुसरे काही मागितले, आणि फादर स्टीफन्स यांनी सुमारे 11,000 ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 साली रायतूरला छापून निघाले. आदामाचे पाप आणि ख्रिस्ताने केलेली सुटका ही सारी कथा मराठी ओवीत बसली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द घेतला. कानाला शब्द ओळखीचा, पण अर्थ पालटलेला. आपल्या श्रोत्यांना मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे. येथे फेरा नाहीच, एकच जन्म, एकच मरण आणि पुढे न्याय.

1813 साली मुंबईला अमेरिकन मिशनरी आले. मराठी प्रॉटेस्टंटांच्या तोंडी जो शब्द रुळला तो ‘तारण’. मला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. तारणे म्हणजे बुडत्याला पैलतीरी नेणे. पण सावकाराकडे पाटल्या ठेवून पैसे आणणाऱ्या बाईला तारण म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. अँसेल्म आणि आबेलार यांचा सारा वाद आपल्या भाषेने एका शब्दात सांभाळून ठेवला आहे : फेडीची हमीही तारण आणि बुडत्याला दिलेला हातही तारणच.

यातला दुसरा अर्थ एका मराठी बाईने जगून दाखविला. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला तो त्यानंतर आठ वर्षांनी, असे त्यांनी पुढे लिहिले. आपल्या हातून काही फिटणार नाही आणि फेडावयासही नको, ही जाणीव त्यांना तेव्हा झाली. या जाणिवेने त्या हात जोडून बसल्या नाहीत. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य भारतात गेल्या आणि टाकलेल्या, उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्या वस्तीचे नाव त्यांनी ‘मुक्ती’ ठेवले. ज्याचे 10,000 तालांत सुटले त्याने 100 दीनारांसाठी कोणाचा गळा धरू नये, या दृष्टान्ताचे याहून चांगले विवरण मी कोठे वाचलेले नाही.

दिवाळीच्या आगेमागे, 2 नोव्हेंबरला, वसईत आणि गोव्यात कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जातात, कबरी साफ करतात, फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. सर्व मृतांचा हा दिवस सन 1000 च्या आसपास क्लुनी मठाचा मुख्य ओदिलो याने आपल्या मठांतून सुरू केला. त्या आठवड्यात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला, ठरलेली धर्मकृत्ये पाळल्यावर, शोधनस्थानातील जिवासाठी दंडमाफी मिळते, असे कॅथलिक चर्च आजही मानते. दंडमाफी राहिली आहे. पेटीजवळचा कारकून मात्र उठून गेला आहे. आईसाठी तेथे जावयास आज कोणालाही सुवर्णमुद्रा मोजाव्या लागत नाहीत. त्या सातवीतल्या मुलाला एवढे सांगितले असते तर त्याचे समाधान झाले असते, असे मला वाटते.